गोळी चालू आहे म्हणजे नशा चालू आहे का?

पोळ्याच्या अंकात ट्रक ड्रायव्हरांच्या दुखण्याच्या गोळ्यांबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक बायकांची आहेत. नाव थोड्या जणींनी लिहिलं, गाव जवळपास कुणीच नाही. एकीनं पाठवणाऱ्याच्या जागी फक्त ‘कापसाच्या गावातून’ एवढंच लिहिलं आहे. यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत माझी एकोणतीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले तीन दिवस मी अशा गोळ्यांच्या व्यसनात अडकलेल्या रुग्णांचा पाठपुरावा करते. म्हणून या महिन्याचं सदर या एकाच विषयाला दिलं आहे. गुडघेदुखी आणि थायरॉइडच्या पत्रांना पुढच्या अंकात उत्तरं देईन. ओळख पटेल असा मजकूर पत्रांतून काढला आहे.

प्रश्न : मॅडम, आमच्या घरचे ट्रक चालवतात, जिनिंगमधून गाठी नेतात. चार वर्सांमागं कमरेत चमक भरली तवा मेडिकलवाल्यानं ट्रामाडॉलची कॅप्सूल देल्ली. आधी एक, मंग दोन, मंग स्ट्रिपच्या स्ट्रिपा. दिवाळीच्या आधी वावरात झटका येऊन पडले, दातखीळ बसली. एका व्यसनमुक्ती केंद्रात एकवीस दिवस ठेवलं, अठरा हजार भरले. घरी आले अन् नवव्या दिवशी पुन्हा सुरू. आता जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं जिभेखाली ठेवाची गोळी लावली हाय. चार महिने झाले. गाडीवर जातात, जेवतात, पोरीले शाळेत सोडून देतात. पण सासूबाई म्हणतात, एक सोडली अन् दुसरी धरली, याले काय सुटणं म्हणतात? दर आठवड्याले एसटीनं जा लागते, एका दिवसाची मजुरी बुडते. गोळी बंद करून टाकू काय?
— एक वाचक, केळापूर तालुका

उत्तर : ताई, बंद करू नका. बाकीचं सगळं सावकाश वाचा, पण हे आधी ऐका.

ट्रामाडॉल ही अफूच्या कुळातली गोळी आहे. खोकल्याच्या औषधातलं कोडीन, डोडा (अफूच्या बोंडांचा चुरा), गर्द (ब्राउन शुगर) ही त्याच घरातली भावंडं. 2018 पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे, तरी गावोगावी ते मिळतं. दिवसाला चारशे मिलिग्रॅमच्या वर ते जाऊ नये. त्यापुढे झटक्याचा धोका वाढत जातो. तुमच्या घरच्यांना आलेला झटका बहुधा याच गोळीनं आणला होता. पूर्वी कधी फिट आली नसेल तर केंद्रातल्या डॉक्टरांना ही तारीख आठवणीनं सांगा.

आता जिभेखालची गोळी. तिचं नाव ब्युप्रेनॉर्फिन, आणि तिच्यात बहुतेक वेळा नॅलोक्झोन, म्हणजे अफूचा असर उलटवणारं औषध, मिसळलेलं असतं. हिचं काम मी रुग्णांना एसटीवरून समजावते. मेंदूत अफूच्या कुळातल्या औषधांना बसायला ठरावीक जागा असतात. ट्रामाडॉल किंवा गर्द येऊन बसतं, थोड्या तासांत उठून जातं, आणि जागा रिकामी झाली की अंग मोडून येतं, नाक वाहतं, काटा येतो, पोट सुटतं, झोप पार उडते. तुम्ही हे डोळ्यांनी पाहिलं आहे. ब्युप्रेनॉर्फिन त्या जागेवर घट्ट बसतं आणि चोवीस तास, कधी त्याहून जास्त, उठत नाही. मागाहून कुणी आलं तर त्याला उभंच राहावं लागतं. शिवाय ते अर्धवट काम करतं. अंग शांत राहतं, पण चढत नाही, आणि एका मर्यादेपुढे मात्रा वाढवली तरी परिणाम वाढत नाही. म्हणून श्वास थांबण्याचा धोका गर्दाच्या किंवा नशेच्या इंजेक्शनच्या मानानं पुष्कळ कमी.

सासूबाईंना माझ्या नावानं हे वाचून दाखवा. मावशी, तुमचा मुलगा दिवाळीआधी पहाटे चारला उठून काय शोधत होता, ते तुम्हीच मला सांगा. आज तो पहाटे उठून गाडीचं पाणी-हवा बघतो. नातीला शाळेत सोडतो. गोळी दोन्ही दिवसांत आहे, हे खरं. पण आधीच्या गोळीपायी त्यानं घरातले पैसे उचलले, खोटं बोलला, वावरात पडला. आताची गोळी तो डॉक्टरांच्या हातून घेतो, मात्रा ठरलेली आहे, ती वाढवून मागत नाही, आणि उरलेला दिवस त्याचा स्वतःचा आहे. मी त्याला सुटलेला म्हणते. ‘गोळी घेऊन सुटलेला’ म्हणा हवं तर, त्यात कमीपणा नाही.

एकवीस दिवसांबद्दल मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ढाब्यावर डोडा आणि नंतर गर्दाला लागलेला एक क्लीनर माझ्याकडे आला होता. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. मी त्याला आमच्या केंद्रात दहा दिवस ठेवलं, उलट्या-जुलाब सांभाळले, सलाइन लावलं, आणि अकराव्या दिवशी पाठीवर थाप मारून म्हटलं, ‘सुटली तुझी, आता मागं पाहू नको.’ तिसऱ्या आठवड्यात त्याला बैलबंडीत घालून आणलं. त्यानं पूर्वीइतकीच मात्रा घेतली होती, पण दहा दिवसांत शरीराची सवय उतरली होती, ती मात्रा त्याला झेपली नाही. मी त्याला यातलं काही सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मलाही ते नीट ठाऊक नव्हतं. त्याच्या आईनं मला दोष दिला नाही. मी अजून देते.

म्हणून कुणी नुसतं कोंडून, अंगातलं ‘काढून’, औषधाशिवाय घरी पाठवतं तेव्हा मला भीती वाटते. नुसतं अंग साफ केलेले बहुतेक जण परत फिरतात, आणि परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जास्त मरणाचे असतात. ब्युप्रेनॉर्फिन किंवा तशाच कामाचं मेथाडोन चालू असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण उपचार न घेणाऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास येतं. हे देशोदेशी पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

घेण्याची पद्धत नीट सांभाळा. खर्रा खात असतील तर आधी थुंकून चूळ भरायला लावा. घोटभर पाण्यानं तोंड ओलं करायचं, गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं बोलायचं नाही, लाळ गिळायची नाही. गिळली तर ती वाया गेली, कारण पोटातून गेलेलं हे औषध यकृतातच बरंचसं निकामी होतं. विरघळल्यावर पाणी तोंडात खेळवून गिळायचं आणि तासाभरानं दात घासायचे, कारण या गोळीनं दात किडल्याच्या तक्रारी आहेत. बद्धकोष्ठ होईल. ज्वारीची भाकर, पालेभाजी आणि भरपूर पाणी, तेवढ्यानं भागलं नाही तर इसबगोल. सुस्ती वाटत असेल किंवा मात्रा बदलली असेल तर दोन-चार दिवस स्टिअरिंगला हात लावू देऊ नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र यासोबत कधीच नाहीत. अल्प्राझोलमसारखी गोळी आणि वरून दारू, अशा जोडीनं सांभाळून चाललेला माणूसही झोपेत जातो.

आणि ती कंबर! चार वर्षांपूर्वी सुरुवात तिथून झाली, आणि पत्रात तिच्यावर उपचार चालल्याचा शब्द नाही. ती दुखतच राहिली तर एखाद्या रात्री हायवेवरचा कुणीतरी पुन्हा कॅप्सूल पुढे करेल. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या, आणि तिथल्या डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन चालू असल्याचं आधी सांगा. नाहीतर ते सवयीनं दुखण्याचं भलतंच इंजेक्शन देतील.

एसटीच्या फेऱ्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. चार महिने नीट गेले असतील तर एकावेळी दोन आठवड्यांची गोळी देता येईल का, हे केंद्रात विचारा. गोळ्या कुलपात राहतील आणि किल्ली तुमच्याकडे असेल, हेही सांगा. पोरीच्या हाती एक गोळी लागली तरी जीवावर बेतेल, म्हणून कुलूप लागतंच. निर्णय त्यांचा आहे, पण न विचारता कुणी देत नाही.

प्रश्न : मुलगा दवाखान्यात यायला तयार नाही. पेपरात जाहिरात आहे, चहात मिसळायची पावडर, रुग्णाला कळतही नाही. ती देऊ का? की तुमची ती गोळीच चहात टाकू?
— एक आई, वरूड

उत्तर : दोन्ही नको. त्या पावडरीत काय आहे ते विकणाराही सांगणार नाही. आणि ब्युप्रेनॉर्फिन चहात टाकलं तर बरंचसं वायाच जातं, पण जेवढं अंगात जाईल तेवढंही घात करू शकतं. मघाच्या एसटीत बसलेल्याला उठवून ते त्याची जागा घेतं. मुलानं तासा-दोन तासांपूर्वी गर्द घेतला असेल तर तासाभरात तो घामानं भिजेल, ओकेल, तडफडेल, आणि चहात काहीतरी होतं हे त्याला कळेल. त्यानंतर तो तुमच्या हातचं पाणीही घेणार नाही. म्हणून पहिली गोळी डॉक्टर समोर बसवून, शेवटच्या नशेला किमान बारा तास झाल्यावर, अंग दुखायला आणि जांभया यायला लागल्या की मगच देतात.

तो येत नसेल तर तुम्ही एकट्या जा. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा, मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलतात. 14446 हा व्यसनमुक्तीचा. मुलगा सोबत असलाच पाहिजे अशी अट नाही.

प्रश्न : मी गडचिरोलीच्या सीमेजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्रावर वैद्यकीय अधिकारी आहे. ओपीडीत पाच-सहा मुलं ठरून येतात. हातांवर टोचल्याच्या खुणा, गळवं. ‘पोटात कळ आली’ म्हणत पेंटाझोसिनचं (अफूच्या कुळातलं, दुखणं थांबवणारं) इंजेक्शन मागतात. मानसोपचारतज्ज्ञ एकशे दहा किलोमीटरवर. मी रेफर करतो, कुणी जात नाही. मी मनोविकारतज्ज्ञ नाही. माझ्या हातात काय आहे?
— एक वैद्यकीय अधिकारी

उत्तर : डॉक्टर, तुमच्या पत्रानं मला बरं वाटलं, कारण तुम्ही ती मुलं मोजली आहेत. पुष्कळ ठिकाणी त्यांना हाकलून देतात.

दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे 2.26 कोटी लोक अफूच्या कुळातलं काहीतरी घेतात असं निघालं. एवढ्यांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ या देशात नाहीत आणि आपल्या हयातीत होणारही नाहीत. तेव्हा हा उपचार तज्ज्ञांच्या दारातच बसून राहिला तर तुमची ती मुलं त्या दारापर्यंत कधीच पोचणार नाहीत. औषध काही नवं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन 2005 मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. आपल्याकडे नॅकोनं, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, सुया टोचून घेणाऱ्यांसाठी 2007-08 च्या सुमारास ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलं, 2012 मध्ये मेथाडोनही आलं. अडलंय ते पोचवण्यावर.

हे तीन ठिकाणी कसं सोडवलं ते सांगते, कारण तिन्हींत तुमच्यासारखा साधा डॉक्टर मध्यभागी आहे. फ्रान्सनं 1995 मध्ये सामान्य डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहिण्याची मोकळीक दिली. पुढच्या चार वर्षांत तिथले अतिमात्रेचे मृत्यू 79 टक्क्यांनी घटले. अमेरिकेत व्हरमाँट नावाचं छोटं, डोंगराळ, खेड्यांचं राज्य आहे. त्यांनी चाकासारखी रचना केली. मधल्या तुंब्यात मोठी केंद्रं, तिथे उपचार सुरू होतो आणि अवघड रुग्ण राहतात. आऱ्यांच्या टोकांना गावातले डॉक्टर, तिथे स्थिरावलेला रुग्ण परत येतो आणि बिघडला तर पुन्हा मध्याकडे जातो. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं हे की गावातल्या डॉक्टरला त्यांनी एकटं सोडलं नाही. दर शंभर रुग्णांमागे एक नर्स आणि एक समुपदेशक दिला. आणि आपल्याच देशात पंजाबनं ऑक्टोबर 2017 पासून मोगा, अमृतसर आणि तरनतारनमध्ये बाह्यरुग्ण दवाखाने काढून ही गोळी मोफत द्यायला सुरुवात केली. पुढे त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली.

तुम्ही उद्या उठून ब्युप्रेनॉर्फिनची चिठ्ठी लिहू शकणार नाही, हे स्पष्ट सांगते. आपल्याकडे व्यसनाच्या उपचारासाठी ते मान्यता असलेल्या केंद्रांनाच पुरवलं जातं, गावातल्या मेडिकलवर नाही. 2020 च्या टेलिमेडिसिनच्या नियमांप्रमाणे अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं फोनवर लिहून द्यायलाही बंदी आहे. तेव्हा पहिली भेट समोरासमोरच. मला हे नियम फार घट्ट वाटतात. औषध वळवलं जाईल ही भीती खोटी नाही, पण गोळी रस्त्यावर जाऊ नये म्हणून ती गावातही जाऊ द्यायची नाही, याची किंमत तुमच्या ओपीडीतली मुलं भरत आहेत. पण नियम बदलेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही.

आमच्याकडे काय केलं ते ऐका. सुरुवातीला मीही चिठ्ठ्या देत होते. चिठ्ठी खिशात राहायची, पँटीसोबत धुतली जायची. मग आम्ही चिठ्ठीच बंद केली. रुग्णाला समोर बसवून मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या समाजसेविकेला फोन लावायचे आणि फोन त्याच्या हातात द्यायचे. ती विचारायची, ‘दादा, जेवलास का? मंगळवारी ये, मी गेटवर असते.’ ती खरंच गेटवर असायची. पहिल्या फेरीला घरचं कुणी किंवा आशाताई सोबत. आदल्या रात्रीपासून काही घ्यायचं नाही हे त्याला नीट समजावून, आणि त्या बारा तासांची अंगदुखी सोसायला साधं औषध देऊन पाठवायचं. लोक इथेच गळतात. सकाळच्या बसमध्ये अंग मोडायला लागतं आणि माणूस पहिल्याच फाट्यावर उतरतो. म्हणून आम्ही पहिली एसटी धरायचो आणि केंद्रातले लोक त्याला रांगेत उभं न करता आत घ्यायचे. एवढ्या एका गोष्टीनं जेवढे रुग्ण टिकले तेवढे कुठल्या भाषणानं टिकले नाहीत.

मात्रा बसली की आठवड्याची तपासणी आमच्या केंद्रात: वजन, नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, झोप, काम, घरातलं भांडण, हाताच्या खुणा ताज्या की जुन्या. दर गुरुवारी दुपारी तीनला तज्ज्ञ डॉक्टर, समाजसेविका, आम्ही, फार्मासिस्ट आणि आशा गटप्रवर्तक फोनवर एकत्र बसायचो, एकेका रुग्णावर दोन-दोन मिनिटं. कोण आलं नाही हे त्या फोनवर कळायचं, आणि शुक्रवारी आशाताई दारात असायच्या. यासाठी कुठलाही जीआर निघाला नव्हता. पाच माणसांनी एकमेकांचे फोन उचलायचे ठरवलं होतं.

त्या सहा मुलांच्या बाबतीत आणखी काही. गळवं तुम्हीच काढा, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, आणि प्रवचन न देता. एचआयव्हीची तपासणी ग्रामीण रुग्णालयात मोफत होते. हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ ची करून घ्याच. ‘सी’ आता गोळ्यांनी बरा होतो आणि 2018 पासून सरकारी कार्यक्रमात औषध फुकट आहे. सुई वाटून घेऊ नका हे सांगताना नव्या सुईचं काय, हेही बोला. पेंटाझोसिन मात्र त्यांना देऊ नका, आणि का देत नाही ते सांगा: ‘हे दिलं तर चार तासांनी तू परत येशील, मला तुला चोवीस तासांचं देणाऱ्याकडे न्यायचं आहे.’ तुमच्या परिसरात पोटदुखीला ऊठसूट हेच इंजेक्शन टोचणारे कोण आहेत, तेही पाहा. सहापैकी निम्म्यांची सुरुवात तिथून झालेली निघाली तर मला नवल वाटणार नाही.

प्रशिक्षण हवं असेल तर बंगळुरूची मानसिक आरोग्याची संस्था निमहान्स आणि दिल्लीच्या एम्सचं व्यसन-उपचार केंद्र डॉक्टरांना दूरस्थ पद्धतीनं शिकवतं. बंधपत्राचं एक वर्ष म्हणजे थोडा काळ नाही. तुम्ही गेल्यावर पुढच्या डॉक्टरसाठी त्या सहा जणांची एक साधी वही लिहून ठेवा.

प्रश्न : मी आशा आहे. माझ्या गावात दोन घरी हे आहे, मला माहीत आहे. मी गेले की दार लोटतात. पोलिसांत जाईल अशी भीती. एकाच्या बायकोला सहावा महिना आहे आणि तीसुद्धा खोकल्याचं औषध पिते असा संशय आहे. कुणी जास्त घेऊन पडला तर मी काय बघू?
— आशा कार्यकर्ती, समुद्रपूर तालुका

उत्तर : आशाताई, आधी शेवटचं. हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीनं जोरात घासूनही उठत नसेल, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली किंवा घोरल्यासारखा अडकत असेल, ओठ-नखं निळसर आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतील तर 108 लावा आणि ‘श्वास जात नाहीये’ हे शब्द पहिल्या वाक्यात बोला. यावर उतारा म्हणून नॅलोक्झोनचं इंजेक्शन असतं, ते मिनिटांत श्वास आणतं. गाडी येईपर्यंत श्वास सुरू असेल तर कुशीवर वळवा. थांबत असेल तर हनुवटी वर करून तोंडानं श्वास द्या. लिंबू, ताक, मिठाचं पाणी काही तोंडात घालू नका, ते थेट फुप्फुसात जातं. आणि जाग आली म्हणून सोडून देऊ नका. इंजेक्शनचा असर आधी उतरतो, नशेचा मागाहून. माणूस पुन्हा बुडू शकतो.

पोलिसांचं असं आहे. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात 64-अ हे कलम आहे. स्वतः सेवन केल्याचा किंवा अगदी थोडा माल जवळ असल्याचा आरोप असलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर मात्र ही सूट जाऊ शकते. विकणाऱ्याला ती नाहीच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं व्यसनाचे आजारही आपल्या कक्षेत घेतले आहेत. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे आणि साखळीनं बांधायला बंदी आहे. हे त्या दारात मोठ्यानं वाचू नका. पाणी मागून आत जा, लेकरांच्या लसीचं विचारा, तिसऱ्या-चौथ्या फेरीला हा विषय निघेल. ज्या वहीत गावातलं कुणीही डोकावतं त्या वहीत नाव लिहू नका.

त्या बाईकडे सगळ्यात आधी जा. तिला ‘आजपासून बंद कर’ असं मात्र म्हणू नका. गरोदरपणात एकदम तोडलं तर बाळावर ताण येतो. अशा वेळी डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर ठेवून बाळंतपण करतात. बाळाला जन्मल्यावर काही दिवस अस्वस्थता येऊ शकते, ती दवाखान्यात सांभाळता येते. म्हणून प्रसूती जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात होईल असं आत्तापासून बघा, आणि शिव्या खाण्याच्या भीतीनं ती तपासणी चुकवणार नाही एवढं तुम्ही सांभाळा. पहिल्या भेटीला तुम्हीच सोबत बसा.

प्रश्न : वय सत्तावीस. गर्द होता. आठ महिने गोळीवर आहे, एकदाही घसरलो नाही. पानठेला चालवतो. लग्न जुळतंय, बोलाचाली एप्रिलची आहे. लग्नाआधी गोळी बंद करावी म्हणतो. आणि मुलीला सांगू का?
— पत्ता देत नाही

उत्तर : बाळा, आठ महिने! मी हे पत्र दोनदा वाचलं.

एप्रिलसाठी बंद करू नकोस. ही गोळी किती काळ, याला ठरलेला आकडा नाही. निदान वर्षभर तर घ्यावीच, अनेकांना काही वर्षं लागतात. बंद करायची तेव्हा ती महिनोन्‌महिने, थोडी थोडी करत उतरवतात, आणि तीही आयुष्यात दुसरी मोठी उलथापालथ नसताना. लग्न, कर्ज, नवं घर, पाहुणे, मित्रांच्या रात्री, हे सगळं एकाच महिन्यात आणि त्यातच गोळी कमी, असं मी माझ्या मुलाला करू दिलं नसतं.

मुलीला सांग. साखरपुड्याआधी, मध्यस्थाच्या तोंडून नाही, स्वतः. शक्य असेल तर तिला आणि तिच्या एका वडीलधाऱ्या माणसाला केंद्रात घेऊन जा. डॉक्टर तुझ्या परवानगीनं सगळं समजावतील: गोळी काय आहे, मुलं व्हायला अडचण नाही, धोका कशात आहे. ती नाही म्हणाली तर फार दुखेल. त्या दिवशी एकटा राहू नकोस. समुपदेशकाला आधीच सांगून ठेव की अमुक दिवशी हे बोलणार आहे, त्या रात्री फोन करीन. तिनं हो म्हटलं तर गोळीच्या कपाटाची किल्ली कुणाकडे राहणार, हेही त्याच बैठकीत ठरवा.

ठेल्यावर दिवसभर सिगारेटी-खर्ऱ्याची गिऱ्हाइकं असतात. त्यांतलं जुनं कुणी येत असेल तर त्याबद्दल तू लिहिलं नाहीस. पुढच्या पत्रात लिही. आणि वरातीच्या आठवड्यात केंद्राची सुट्टी येते का ते आत्ताच पाहून जास्तीच्या गोळ्यांचं बोलून ठेव. हळदीच्या दिवशी सकाळी घरात गर्दी असेल, बायका हाका मारतील. दहा मिनिटं दार लावून घे, गोळी जिभेखाली ठेव, विरघळू दे, मग पाटावर बस.